मॉरिसकाका

मॉरिसकाकांच्या गाडीला अँबॅसिडर म्हटलेलं त्यांना खपत नाही. भारतातून आलेला पाहुणा कव्हेंट्रीतल्या त्यांच्या घराच्या फाटकातून आत शिरतो, गाडी बघतो आणि हरखून म्हणतो, "अरे वा, अँबॅसिडर! इथं कुठून आणलीत?" तिथून पुढं पाहुण्याला घरात पोचायला अर्धा तास लागतो. पावसात छत्री धरून काका त्याला समजावतात, "ही मॉरिस ऑक्सफर्ड. सीरीज थ्री. ऑक्सफर्डला, कावलीच्या कारखान्यात झालेली. तुमची अँबॅसिडर हिच्यावरून काढली. आधी ही, मग ती. बापाला कुणी मुलाच्या नावानं हाक मारतं का?" पाहुणा बिचारा गारठलेला असतो, तो लगेच कबूल होतो. आत येऊन चहाचा पहिला घोट पोटात गेला की मात्र त्याला राहवत नाही. "पण काही म्हणा, आमच्या कलेक्टरसाहेबांची अगदी अश्शीच होती." काका कप खाली ठेवतात आणि पुन्हा छत्री शोधायला लागतात.

इतिहास काकांच्या बाजूनं आहे. सायकलींच्या धंद्यातून मोटारींकडे वळलेल्या विल्यम मॉरिस यांच्या नावाची ही गाडी १९५६ मध्ये निघाली. १९५९ मध्ये कावलीनं तिच्या जागी नव्या वळणाची गाडी आणली आणि हिला विसरून गेली. तोवर हिचा अवतार हिंदुस्थान मोटर्सच्या कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात सुरू झाला होता. मंत्री, कलेक्टर, डॉक्टर, टॅक्सीवाले आणि एकावर एक बसलेले वऱ्हाडी अशा सगळ्यांना पोटात घेऊन तो मे २०१४ पर्यंत चालला. साहेबानं तीन वर्षांत टाकलेली वस्तू आपण अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरली. परिणाम असा, की कावलीत जन्मलेल्या ह्या गाडीला ब्रेकचा सिलिंडर हवा असेल, तर तो कावलीत मिळत नाही. तिथं आता मिनी बनते. तो कुर्ल्यात मिळतो. बापाच्या अंगात निम्मं रक्त मुलाचं आहे, ही गोष्ट काका पाहुण्यांना सांगत नाहीत.

इंग्लंडात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे आणि तिच्यातही वरचे-खालचे आहेत. एमजीबीवाले सगळ्यांत सुखी. त्यांच्या गाडीचा अख्खा सांगाडा १९८८ पासून मूळच्याच साच्यांवर नव्यानं ठोकून मिळतो. नंबरप्लेट तेवढी जपली असली, तरी तिच्यामागं गाडी उभी करता येते. मॉरिस मायनरवाल्यांनाही चिंता नाही. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी, तशा एकूण सोळा लाखांच्या घरात गाड्या निघाल्या. तिचं कॅटलॉग असतं. फोन करावा, दोन-चार दिवसांत पोस्टमन वॉटर पंप घेऊन दारात उभा. काकांना ह्या लोकांची दया येते. "त्यांचं काम नुसत्या पैशावर भागतं," ते म्हणतात. "आपल्याला माणसं लागतात."

काका जन्मानं शनिवार पेठेतले आणि पेशानं हिशेबतपासनीस. सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले, नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, निवृत्त झाले. लहानपणापासून त्यांना यंत्रांची ओढ होती असं म्हणायला काही पुरावा नाही. त्यांचे धाकटे भाऊ बापू सांगतात, "दादाच्या सायकलची चेन पडली की तो सायकल हातात धरून चालत घरी यायचा आणि मला उठवायचा." पन्नाशी गाठल्यावर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ताडपत्रीखाली ही मॉरिस त्यांना दिसली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "आपल्याकडची एक वस्तू मिळाली." काकूंना वाटलं, पाटा-वरवंटा असेल.

तेव्हापासून काकांच्या नातेवाइकांचे दोन वर्ग झाले. एक भारतातून येणारे आणि दुसरे भारतात जाऊन येणारे. कुठंच न जाणाऱ्यांना ते दिवाळीला फोन करतात. विमानाच्या तिकिटावर तेवीस किलो सामान लिहिलेलं असतं. त्यातले पंधरा आपले, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. "येतेस? उत्तम. कपड्यांचं ओझं कशाला घेतेस? इथं मिळतात," हे वाक्य ऐकलं नाही, अशी एकही भाची त्या घराण्यात नाही. काकूंचा गोडा मसाला दोन किलोवरून अर्ध्या किलोवर आला आणि तोही ब्रेक शूच्या खोक्यातल्या फटीत बसवला जाऊ लागला. त्या वर्षी उतारावर जोरात ब्रेक दाबला की गाडीत आमटीचा वास यायचा, असं काकू शपथेवर सांगतात.

ह्या माणसांना काका नुसतं हमाल करत नाहीत, शिकवतात. त्यांच्या एका आत्यांनी हयातभर शाळेत संस्कृत शिकवलं. मुंबईच्या विमानतळावर त्यांची बॅग यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर काहीतरी भयंकर दिसलं. अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, दोन हातांनी उचलावा लागेल असा लोखंडाचा गठ्ठा निघाला. "ये क्या है, माताजी?" आत्यांनी चष्मा सारखा केला. "शॉकअ‍ॅब्सॉर्बर. लेकिन लिव्हरवाला. नळकांडीवाला नहीं. दोनों में बहुत फरक है, बैठिए, बताती हूँ." अधिकाऱ्यानं बॅग स्वतःच्या हातानं बंद करून दिली.

आलेली प्रत्येक वस्तू काकांच्या वहीत चढते. लाल कापडी बांधणीची, उभ्या रेघांची जाड वही. रकाने सहा: तारीख, पार्ट, कुठून घेतला, किंमत, आणणारा, शेरा. किमती पैशापर्यंत लिहिलेल्या, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या ह्या माणसानं वहीच्या एकाही पानाखाली बेरीज केलेली नाही. काकूंनी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन वहीजवळ बसायचा प्रयत्न केला, तेव्हा काका म्हणाले, "बेरीज वर्षअखेरीला करायची असते." वर्षअखेर अजून आलेली नाही. त्यांचा जीव पाचव्या रकान्यात आहे. कुणाची मुलगी कधी परदेशी गेली, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुणाच्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली, हे त्यांना तिथून सांगता येतं. "टाय रॉड एंड आणला तेव्हा ती पाचव्या महिन्यात होती," ते बोट ठेवून म्हणतात, "म्हणजे मुलगा आता कॉलेजात."

आणि चौथ्या रकान्यामागं बापू आहेत. पुण्याहून खरेदी तेच करतात. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी त्यांची फेरी असते. तिथं नाही मिळालं तर मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं, नाहीतर कुर्ल्याचं भंगार. आणि अगदीच अडलं तर ट्रान्सपोर्टनं कलकत्त्याच्या मलिकबाजारातून. दुकानात गेल्यावर बापू आधी पंख्याचा भाव विचारतात, मग हवापाण्याचं बोलतात आणि निघता निघता दारातून मागं वळून म्हणतात, "अँबॅसिडर मार्क वनचं कुणी काही ठेवत नसेल ना आता?" दुकानदाराचा अभिमान दुखावतो. तो पोऱ्याला माळ्यावर चढवतो. मग धुळीनं माखलेलं खोकं खाली येतं आणि बापू दादाला पत्र टाकतात: "लोकल ८०, ओरिजिनल ३२०. दुकानदार खाजगीत म्हणतो, दोन्ही एकच."

ह्या दोघा भावांत वाड्याच्या वाटणीवरून बरीच वर्षं अबोला आहे. वाड्याविषयी जे काही असेल ते वकिलामार्फत. गॅस्केटविषयीचं मात्र थेट. मी दोन्हीकडची पत्रं पाहिली आहेत. वकिलाच्या पत्रात "आपले अशील यांनी जिन्याखालची जागा बेकायदा व्यापली असून" असं असायचं. त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या पत्रात, "हेड गॅस्केट तांब्याचं घेतलं आहे. बसवताना घाई करू नकोस, नट मधून बाहेर अशा क्रमानं आवळ, सर्दी कशी आहे?" असं असायचं. हस्ताक्षर एकच होतं, कारण वकिलाचा मजकूरही बापूच लिहून द्यायचे.

काकांची शेड पाहिल्याखेरीज कुणाची सुटका नाही. तिथं भिंतीवर पान्यांचे तीन संच टांगलेले आहेत: मेट्रिक, इंची आणि व्हिटवर्थ. गाडीचे बहुतेक नट इंची मापाचे आहेत, पण जुन्या इंग्रजी गाडीत मधेच कुठंतरी व्हिटवर्थ घराण्यातला एखादा निघतोच. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. मात्र त्यांच्या पद्धतीत पान्यावर नटाची रुंदी लिहीत नाहीत, आतल्या बोल्टची जाडी लिहितात. त्यामुळं पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजलं तर अर्ध्या इंचाहून मोठं भरतं. काका पाहुण्याला ते मोजायलाच लावतात. मग मॉरिसच्या जुन्या इंजिनांची गोष्ट निघते. पहिल्या महायुद्धानंतर ती इंजिनं ह्याच कव्हेंट्रीत, हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात होत. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. गिऱ्हाइकाच्या घरचा पाना इंग्रजी, म्हणून नटाचं डोकं व्हिटवर्थ. "आत फ्रेंच, वर इंग्रज," काका म्हणतात, "युरोपशी ह्यांचं जमणार नाही हे त्या नटाला तेव्हाच कळलं होतं."

विजेचा विषय निघाला की काकू उठून जातात. १९५०च्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आताच्या गाड्यांत ऋण जोडतात. एकदा थंडीत मॉरिसची बॅटरी उतरली. घरात नवा जावई आला होता, त्याला सासऱ्यांवर छाप पाडायची होती. त्यानं आपली नवी गाडी मॉरिसला अगदी नाकाला नाक लावून उभी केली आणि नेहमीच्या सवयीनं केबल जोडल्या. बंपरला बंपर चिकटलेले होते. लग्नात उडाले नव्हते तेवढे फटाके त्या दिवशी उडाले. मुलगी रडायला आली. काकांनी शांतपणे केबल गुंडाळली आणि तिला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. फक्त त्याचं अर्थिंग उलटं आहे." इंग्लंडात गाड्यांच्या विजेच्या सामानाबद्दल विनोदांची एक मोठी परंपरा आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांना त्यांच्या नावाच्या दिव्यांवरून गाडीवाले लोक अंधाराचा राजपुत्र म्हणतात. काका ह्या विनोदांना हसत नाहीत. "आपण पुण्याचे," ते म्हणतात. "दिवे गेले तर हसायचं काय त्यात?"

सरकारनं एखादी सवलत दिली की तिचं दुःख होणारा माणूस मी काकांच्या रूपानं पाहिला. १९६० च्या आधी बनलेल्या गाड्यांना दरवर्षीची तपासणी नोव्हेंबर २०१२ पासून माफ झाली. सगळी बिरादरी खूश. काका सुतकी चेहऱ्यानं बसले. दर वर्षी गाडी तपासणारा जो मेकॅनिक होता, त्याच्याशी गाडीखाली उभं राहून तासभर गप्पा व्हायच्या. शेवटी काकांनी त्याला जाऊन सांगितलं, सरकार काही म्हणो, मी येणार. तो फी घेतो, सायलेन्सरवर हातोडीनं टिचकी मारतो, आपल्या बायकोच्या दम्याची हकिगत सांगतो आणि काका समाधानानं घरी येतात. पुढं सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडातल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. त्यानं जुने रबरी पाइप खराब होतात, म्हणून मॉरिसला महागडं पेट्रोल लागतं. "तिला सुपर, आणि मला सुपरमार्केटमधल्या शिळ्या भाज्या," असं काकू म्हणतात. त्यांच्या ह्या विनोदाला मात्र काका हसतात.

दर सप्टेंबरात काका हँपशरमधल्या ब्यूलीच्या जत्रेला जातात. तिथल्या मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. गवतावर चटया पसरून म्हातारे बसलेले असतात आणि समोर गंजलेली डायनॅमो, बिनकाचेचे दिवे, एकेकटी हबकॅप. दोन अनोळखी इंग्रज एका डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर पाऊण तास बोलतात आणि एकमेकांचं नावसुद्धा न विचारता पांगतात. काकांनी त्यांच्यात पुणेरी पद्धत आणली. "तुमचं गाव कोणतं? मुलं काय करतात?" असं ते विचारू लागले. इंग्रज आधी दचकले, मग मोकळे झाले. कुणाकडे मॉरिस ऑक्सफर्ड आहे, पण पार्ट मिळत नाहीत. काकांनी वहीत त्यांची नावं घेतली. आता वेल्समधला एक निवृत्त पाद्री त्यांना फोन करतो आणि आधी तब्येत विचारतो ती काकांची नव्हे, काकांच्या मेव्हणीची. "गुडघा बरा आहे का तिचा? डिसेंबरात येऊ शकेल? चार व्हील सिलिंडर फार जड होणार नाहीत ना?"

काकांच्या पंचाहत्तरीला हे सगळे एका हॉलमध्ये जमले, तेव्हा ओळखी करून द्यायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. "ही माझी मेव्हणी, पुढचे ब्रेक शू. हे तिचे यजमान, हे काही आणत नाहीत. हा चुलतभावाचा मुलगा, वॉटर पंप. आता हृदयाचा डॉक्टर आहे. आणि आत्या, हे वेल्सचे रेव्हरंड. तुमचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर ह्यांच्या गाडीत आहे." रेव्हरंडनी दोन्ही हात जोडले. आत्यांनी आशीर्वाद दिला आणि इंग्रजीत विचारलं, "गळत नाही ना?" औक्षणाच्या ताटात काकूंनी सुपारीच्या जागी एक चकचकीत स्पार्क प्लग ठेवला होता. बापू आले नव्हते. व्हिसा, गुडघे आणि वाडा अशी तीन कारणं होती. पहिली दोन सगळ्यांना सांगितली गेली.

त्याच वर्षी काकांवर संकट कोसळलं. गाडी पूर्ण झाली. पत्रा झाला, रंग झाला, इंजिन एका झटक्यात सुरू व्हायला लागलं, शेडच्या फळीवर प्रत्येक पार्टाचा जोडीदार खोक्यात तयार. काकांनी रोज सकाळी उठून गाडीखाली पुठ्ठा सरकवून बघायला सुरुवात केली, पण तेलाचा ठिपकासुद्धा पडेना. वहीत नवीन नोंद नाही. फोन कुणाला करावा, तर विषय नाही. काकूंनी हळूच मला सांगितलं, "एक-दोनदा बापूंना फोन लावला, तिकडून 'हॅलो' आलं आणि ह्यांनी ठेवून दिला. काय मागायचं तेच ठरेना."

मग मी पुण्याला निघालो असल्याची बातमी त्यांच्यापर्यंत गेली.

"जातोयस म्हणे?"

"हो काका. काही आणायचंय का?"

"बापूला विचार."

"काय विचारू?"

"त्याच्या बघण्यात काही असेल तर."

पुण्यात बापूंनी मला बसवलं, पोहे दिले आणि बराच वेळ पोपटाच्या पिंजऱ्याकडे बघत राहिले. "दादाची गाडी सगळी झाली म्हणे?" मी हो म्हटलं. "काहीच राहिलं नाही?" मी नाही म्हटलं. बापू उठले, टोपी घातली, स्कूटर काढली आणि दुपारी खोकं घेऊन परत आले. वॉटर पंप होता. खोक्यावर इसुझू हे नाव एवढ्या ठळक अक्षरांत होतं, की मला चष्म्याशिवाय वाचता आलं. हे इंजिन अँबॅसिडरला नव्वदच्या दशकात बसलं. १९५६ च्या मॉरिसशी त्याचा काही संबंध नाही. इतकी वर्षं पार्ट निवडणाऱ्या बापूंना हे मी काय सांगणार होतो? तरी म्हटलं, "बापू, हा तर..."

"दादाला बघू दे," बापू म्हणाले. "तो मोजून घेईल."

कव्हेंट्रीला काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पंप मधोमध ठेवला आणि व्हर्नियर कॅलिपर काढलं. खोक्यावरचं नाव त्यांनी वाचलं. मी त्यांना वाचताना पाहिलं. मग दहा मिनिटं त्यांनी तो पंप चारी बाजूंनी मोजला, आकडे लिहिले आणि पुण्याला फोन लावला.

"थोडक्यात हुकला रे. भोकं जुळत नाहीत."

"असं? मग पाठव परत. दुकानदार ओळखीचा आहे, बदलून देईल."

"ह्या वेळी नीट बघून घे."

"बघतो की. घाई आहे का?"

"छे छे, सावकाश. पोपट बोलतो का अजून?"

मग बोलणं पोपटावरून दाढांवर आणि दाढांवरून जिन्याखालच्या जागेवर गेलं. वकिलाची गरज पडली नाही. मधे आवाज दोनदा चढला, एकदा काका हसले. फोन ठेवून त्यांनी लाल वही उघडली, पंपाची नोंद केली, पाचव्या रकान्यात माझं नाव घातलं आणि शेऱ्यात लिहिलं, "बदलून मिळणे बाकी." वही माझ्याकडे सरकवली आणि पेन पुढं केलं.

"कर सही. पुढच्या वेळी तूच न्यायचास. आणि तेवीस किलोतले हे पाच धरून चाल."